नऊ नंबरच्या मशीनवरचं पान

यातला एक शब्दही मी रचलेला नाही. पटलं नाही तर सोडून द्या. मी आयुष्यात एकच मोठी थाप मारली आणि तिच्यावर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. आता खरं सांगायला बसलोय, तर कोण विश्वास ठेवणार?

रात्रबित्र काही नव्हती. वार्षिक सुट्टीतली लख्ख दुपार होती, दीड-दोनची वेळ. जागा म्हणजे शाळेची कॉम्प्युटर लॅब, दुसरा मजला, जिन्याला लागून. तिथे मी सोळा वर्षं कॉम्प्युटर शिकवत होतो.

त्या वर्षी शाळेने स्वतःचा सर्व्हर घेतला. सर्व्हर म्हणजे काय, तर लॅबच्या कोपऱ्यात एक काळं खोकं आणि त्याचा घरघरणारा पंखा. आठवीतल्या प्रत्येकाने त्यावर स्वतःचं वेब पान टाकायचं, असं ठरलं. मी मुलांसाठी बारा सूचना लिहिल्या आणि छापून भिंतीवर चिकटवल्या. फाइलच्या नावात मोकळी जागा सोडू नका. रंग दोनच वापरा. फोटो लहान करून टाका, नाहीतर पान उघडेपर्यंत बघणाऱ्याला डुलकी लागेल. दुसऱ्याचं चित्र विचारल्याशिवाय उचलू नका. पत्ता, फोन, घरच्यांची माहिती अजिबात टाकू नका.

सूचना चांगल्याच होत्या. आजही त्यातली एक बदलणार नाही. खोट होती ती सूचना देणाऱ्यात.

कामाची पद्धत अशी होती. मुलांनी पान बनवून 'तपासणी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. मी ते उघडून तळाशी लाल अक्षरांत शेरा लिहायचा. मुलांनी दुरुस्ती करून पुन्हा ठेवायचं. एक शेरा पुरा केल्याशिवाय दुसरा मिळणार नाही, हा माझा नियम. सगळं मनासारखं झालं की मी ते पान 'प्रसिद्ध' फोल्डरमध्ये हलवायचो. मग ते सगळ्या जगाला दिसायचं आणि मुलांना त्याला हात लावता यायचा नाही.

शेरे मी खोचक मारायचो. स्टाफरूममध्ये वाचूनही दाखवायचो. लोक हसले की माझी कॉलर ताठ.

आठवीत एक मुलगी होती. सगळे तिला मुंगी म्हणायचे. मीसुद्धा. अंगाने एवढीशी आणि टायपिंग एकाच बोटाने. टक्... टक्... मग अक्षर शोधायला मोठा थांबा... आणि टक्. घंटा होऊन वर्ग रिकामा झाला तरी नऊ नंबरच्या मशीनवरून तो आवाज येतच असायचा.

"मुंगे, या वर्षात होईल का गं तुझं?" मी विचारायचो.

"होईल सर," ती म्हणायची. माझ्यावर कधी रुसली नाही.

तिचं पान म्हणजे आनंदी आनंद होता. जांभळा रंग. सात प्रकारची अक्षरं. वर लुकलुकणारं शीर्षक. घराचा पत्ता, घरापर्यंत कसं यायचं त्याचा नकाशा, आईचं शिवणकामाचं दुकान, सोडून गेलेले वडील, एक कानतुटकी मांजर, काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं.

मी ते पान प्रोजेक्टरवर लावलं.

"पान कसं नसावं, त्याचा हा नमुना," म्हणालो.

पस्तीस मुलं हसली. तीही हसली. सगळ्यांच्या नंतर, थोडी उशिरा.

मग सगळ्यांच्या देखत मी तळाशी लाल शेरा लिहिला. 'हे पान आहे की अडगळीची खोली? घरचं सगळं काढ. मग दाखव.'

"काढते सर," ती म्हणाली.

तिचा तो शेवटचा तास. चार दिवसांनी ती तापाने गेली. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात माझा दोष नव्हता, हे मलाही कळतं. माझा दोष पुढे आहे.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिची आई लॅबच्या दारात आली. मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती.

"सर, पोरीने माझ्याबद्दल कायतरी लिहिलंय म्हणे कॉम्प्युटरवर. 'सर हो म्हणाले की दाखवीन', असं म्हणायची. तेवढं दाखवता का? मी बसत नाही. उभ्याउभ्याच वाचते."

पान उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्याच्या तळाशी माझा शेरा होता.

"ताई, मध्ये सर्व्हर बिघडला," मी म्हणालो. "सगळं उडालं."

ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं.

"सगळं?"

"सगळं."

"असू दे," ती म्हणाली. "त्याला तुम्ही तरी काय करणार?" उलट माझीच समजूत काढून ती जिना उतरली.

आधी शेरा पुसून मग पान दाखवता आलं असतं, हे मला ती फाटकाबाहेर पडल्यावर सुचलं. पळत जाऊन तिला गाठता आलं असतं. मी खुर्चीतच बसून राहिलो. लाज वाटत होती, पण उठवण्याइतकी नाही.

सुट्टीत सर्व्हरची काही कामं उरकायची होती, म्हणून मी रोज दुपारी लॅबमध्ये जायचो. अख्ख्या शाळेत मी आणि खाली फाटकापाशी शिपाईमामा, बस्स.

तिसऱ्या दिवशी...

टक्...

मी मान वर केली. नऊ नंबरचं मशीन बंद होतं. नुसतं बंद नाही, त्याचा कीबोर्ड मीच दुरुस्तीला पाठवला होता. टेबलावर धुळीत त्याची चौकोनी खूण तेवढी राहिली होती.

टक्... टक्...

मग थांबा. एखादं अक्षर शोधायला लागतो ना, तेवढाच...

टक्.

मी धडाधडा जिना उतरून फाटकापाशी आलो.

"मामा, वर कोणी आलंय का?"

"एवढ्या उन्हात तुमच्याशिवाय कोण जातंय वर मरायला?" मामा म्हणाले.

मामांना हाताला धरून वर आणलं. ते होते तोवर चिडीचूप. मामा माझ्याकडे बघत खाली गेले आणि मी सर्व्हरवरचं 'तपासणी' फोल्डर उघडलं. सगळी पानं कधीच प्रसिद्ध झाली होती. तिथे फक्त एक उरलं होतं. मुंगीचं.

शेवटचा बदल... आज, दुपारी एक बावन्न.

शीर्षक लुकलुकायचं थांबलं होतं.

कुणीतरी टवाळ पोरगं असणार, अशी मी मनाची समजूत घातली. तिचा पासवर्ड बदलला. लॅबला दुसरं कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सात प्रकारची अक्षरं एकाच प्रकारची झाली होती. तिसऱ्या दिवशी जांभळा रंग गेला होता. पान पांढरंस्वच्छ. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता कसं बरं दिसतंय.

दुसरा विचार शेऱ्याचा. मी तो खोडला आणि पान पुन्हा उघडलं. शेरा होता. पुन्हा खोडला... पुन्हा होता. पान छापायला दिलं. प्रिंटरने कोरा कागद बाहेर टाकला. फ्लॉपीवर उतरवून घेतलं. फ्लॉपीवरची फाइल रिकामी.

पुढच्या दुपारी पत्ता आणि नकाशा गेले.

मग वडील गेले.

मग मांजर.

रोज एक. रोज बरोबर एक बावन्नला आवाज थांबायचा. ती माझ्या सूचना एकेक करून पाळत होती. आता आईचा परिच्छेद तेवढा उरला होता.

मी तळाशी लिहिलं, 'मुंगे, थांब. आता काही काढू नकोस.' लिहिताना चार वेळा चुकलं.

थोडा वेळ काहीच नाही...

टक्...

माझ्या ओळीतलं शेवटचं अक्षर गेलं.

टक्... टक्... एकेक अक्षर मागून पुढे खोडलं जात होतं, माझ्या डोळ्यांसमोर. जुना लाल शेरा मात्र जागचा हलला नाही. एक पुरा केल्याशिवाय दुसरा नाही. नियम माझाच होता.

उपाय एकच होता. पान उचलून 'प्रसिद्ध'मध्ये टाकायचं, की तिचा हात त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. एका क्लिकचं काम. माउस हातात होता. पण पान प्रसिद्ध झालं की मुख्याध्यापिका बाई विचारणार, आज आलं कुठून? आईच्या कानावर जाणार. 'सगळं उडालं' म्हणणारे सर कोण, ते सगळ्यांना कळणार.

उद्या करू, असं मी ठरवलं. आधी बाईंना काय सांगायचं ते जुळवू. आणि घरी गेलो.

होय. उठून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दीडलाच पोहोचलो. आवाज जिन्यातच ऐकू आला. पान उघडलं तर परिच्छेद अर्धा उरला होता. मी घाईघाईने ते 'प्रसिद्ध'मध्ये ओढलं. पडद्यावर एक चौकट आली.

'ही फाइल दुसरे कोणीतरी वापरत आहे.'

मी लॅबला कुलूप ठोकलं आणि पळत सुटलो. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तिची आई शिलाई मशीनवर बसली होती. मी दारातूनच ओरडलो.

"ताई, मी खोटं बोललो. पान आहे. आत्ताच्या आत्ता चला."

तिने का म्हणून विचारलं नाही. मशीनवरचा पाय काढला, कापड तसंच सोडलं, दुकान उघडं टाकलं आणि निघाली. एवढं भराभर चालणारी बाई मी पाहिली नाही.

जिन्याच्या मधोमध ती एकदम थांबली.

"सर..."

टक्... टक्...

"ही तीच आहे," ती म्हणाली. तिचा हात कठड्यावर आवळला होता. "माझ्या कापायच्या टेबलावर खडूने बटणं काढून अशीच सराव करायची. एका बोटाने."

ती धावली. मी मागून. किल्ली कुलपात फिरवली...

आवाज थांबला.

घड्याळात एक बावन्न झाले होते.

पडदा पांढरा होता. एकही अक्षर नव्हतं. तळाशी माझा लाल शेरा तेवढा शिल्लक होता.

तिने तो ओळीवर बोट ठेवून वाचला. सावकाश, एकेक शब्द मोठ्याने. 'अडगळीची खोली' इथे थोडी अडखळली, मग पुढे गेली. मी तिच्या मागे शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होतो. तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर उपकार झाले असते.

"तुम्ही सांगितलंत, तिने काढलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ऐकणारी होती हो माझी पोर."

मग तिने खुर्ची ओढली आणि बसली. माझ्याकडे तोंड करून.

"काय लिहिलं होतं माझ्याबद्दल? तुम्ही वाचलंय ना? मग तुमच्या तोंडून सांगा."

मी तोंड उघडलं...

जांभळा रंग आठवला. सात प्रकारची अक्षरं आठवली. मजकूर आठवेना. ते पान मी वर्गात लावलं होतं. रोज दुपारी उघडत होतो, पण आज काय गेलं, एवढंच बघत होतो. तिच्या आईच्या परिच्छेदातली पहिली ओळ तेवढी मी कधीतरी वाचली होती. त्याच्या पुढे कधी गेलोच नाही. सोळा वर्षं मी पोरांचं लिहिलेलं तपासलं, वाचलं काहीच नव्हतं.

"'माझी आई टाचण्या दातात धरून बोलते, पण मला सगळं कळतं,'" मी म्हणालो. "अशी सुरुवात होती."

ती हसली. पदराने डोळे पुसले आणि खुर्चीत पुढे सरकली.

"आणि पुढे?"

चार गोड वाक्यं रचून सांगता आली असती. तोंडाशी आलीही होती. पण त्या बाईशी पुन्हा खोटं बोलण्याची माझी छाती झाली नाही. ती वाट बघत राहिली. लॅबमध्ये फक्त पंख्याची घरघर. नऊ नंबरच्या टेबलावरून काही म्हणून आवाज आला नाही.

तो आवाज पुन्हा कधीच आला नाही. काम पुरं झालं म्हणून ती गेली, की आईने शेरा वाचला म्हणून, मला आजवर उमगलेलं नाही. मुख्याध्यापिका बाईंना मी सगळं सांगून टाकलं आणि वर्ष संपायच्या आत शाळा सोडली. त्याला आता बरीच वर्षं झाली.

दुपारच्या शांततेची मला अजून धास्ती वाटते. दीड वाजला की मी रेडिओ लावून ठेवतो. पण खरं सांगू? मुंगीची भीती मला तेव्हाही फारशी वाटली नव्हती. भीती वाटते तिच्या आईची. आम्ही एकाच गावात राहतो. बाजारात समोर आली की ती थांबते, हातातली पिशवी खाली ठेवते आणि अगदी मायेने विचारते,

"सर, काही आठवलं का हो?"

मी नाही म्हणतो.

"असू दे," ती म्हणते. "आठवलं की सांगा."