अर्धं टाकलेलं वाक्य

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लेखिकेने वही उघडली, तेव्हा तिने अर्धं टाकलेलं वाक्य पूर्ण झालेलं होतं.

साप्ताहिकातली तिची क्रमशः कादंबरी पाच आठवडे अडली होती. पेनाचं टोपण काढायचं, पुन्हा लावायचं, इतकंच. गुरुवारी दुपारी बारापर्यंत भाग आला नाही तर कादंबरी बंद, असं संपादकांनी स्वच्छ सांगितलं होतं. साप्ताहिकाच्या कचेरीतले म्हातारे मुद्रितशोधक म्हणाले, "बाई, वाक्य पुरं करून उठूच नका. अर्धं टाकायचं. सकाळी हात आपोआप चालतो."

म्हणून रविवारी तिने लिहिलं, 'जिन्यावर उभी असलेली बाई', आणि ती उठली. आता पुढे होतं, 'कुणीतरी जा म्हणेल याची वाट बघत होती.' शाई तिची, अक्षरही तिचंच. वाक्य मात्र तिला सुचलं असतं त्याहून बरं होतं.

"अहो, माझ्या वहीला हात लावलात?"

"मी?" नवरा चहा ढवळत म्हणाला. "माझ्याच्याने वाणसामानाची यादी पुरी होत नाही, तुझी कादंबरी कुठून होणार?"

तो हसला. जरा जास्तच हसला, असं तिला वाटलं.

पण हात चालू लागला होता. दोन दिवसांत चौदा पानं झाली. रोज ती वाक्य अर्धं टाकी आणि सकाळी ते पुरं झालेलं असे. बुधवारी तिने नवऱ्याला आग्रह करकरून त्याच्या थोरल्या बहिणीकडे, तासाभरावरच्या गावी, मुक्कामाला धाडलं. 'त्या बाईला हवं होतं' एवढं लिहून वही कपाटात कुलूपबंद केली. किल्ली उशीखाली.

गुरुवारी कुलूप जसंच्या तसं होतं.

'त्या बाईला हवं होतं एक घर. कुणाचंही.'

त्याखाली आणखी एक ओळ होती. ती लेखिकेने सुरूच केली नव्हती.

'कुणी जा म्हणालं तर ती जिना उतरून'

तिथेच थांबलेली. कुणीतरी अर्धं टाकून उठलं होतं.

ती साडेअकरापर्यंत नुसती बसून होती. मग बाहेरच्या जिन्याकडे एकदा बघून तिने घाईघाईने पुढे लिहिलं, 'दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाईल.' पानांचे फोटो काढले, पाठवून दिले.

बाराला संपादकांचा फोन आला. "बाई, तोड नाही! कादंबरी चालू."

सव्वाबाराला नवऱ्याचा.

"अगं, येणार होतीस तर कळवायचं तरी! खाली काय उभी राहिलीस? ताई केव्हाची बोलावतेय. ये की वर."

"अहो, मी घरी आहे."

"काय?"

मागून नणंदेचा आवाज आला. "आली, आली. थांब, दार उघडते."

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

दीडला लेखिका नणंदेकडे पोहोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. घरात कुणी नव्हतं. टेबलावर चहाचे तीन कप होते. तिन्ही रिकामे.