नाव न घेतलेलं औषध

आमच्या प्रयोगशाळेत औषध पेशींच्या बशीत टाकण्याआधी त्याचं नाव मोठ्याने वाचायचा नियम आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तेच म्हणायचं, मग वहीत खूण करायची. पूर्वी कधीतरी बाटल्यांची अदलाबदल झाली होती, तेव्हापासून हे सुरू आहे. माझ्या जोडीला असलेल्या सहकाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो हजेरी घ्यावी तशी नावं पुकारतो आणि शेवटी विचारतो, "बरोबर?"

या वेळी बशांमध्ये माझ्या सख्ख्या ताईच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी होत्या. पहिल्या औषधाने गाठ चार महिने आकसली आणि पुन्हा वाढली. त्यात नवल काही नाही. औषधाच्या माऱ्यातून चार पेशी वाचतात, त्यांचीच पिलावळ वाढते आणि तिला ते औषध बाधत नाही. म्हणून पुढची औषधं आधी बशीत वापरून बघायचं ठरलं. अशी सहा उरली होती. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं.

दुसरं औषध पुकारून टाकलं. तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळ्या पेशी तळाला घट्ट चिकटून, जिवंत. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या औषधालाही तेच. दर वेळी पेशी ताज्या होत्या, त्या औषधाचा थेंबही न लागलेल्या. त्याच बाटलीतल्या औषधाने दुसऱ्या रुग्णाच्या पेशी मात्र पटापट मेल्या.

"अभ्यास न करताच पास होतायत," मास्तर म्हणाला. मला हसू आलं नाही.

सहाव्या औषधाच्या दिवशी त्याचा घसा बसला होता. त्याने नुसतं नावावर बोट ठेवलं, मी मान हलवली. तीन दिवसांनी पेशी मरून वर तरंगत होत्या.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणून खात्री करायला मी नव्या बशीपुढे सहाव्याचं नाव मोठ्याने वाचलं आणि औषध टाकलं. त्यातली एकही पेशी मेली नाही. पुन्हा गुपचूप टाकून पाहिलं, तरी मेली नाही. माझ्या शहाणपणाने हातचं औषध घालवलं होतं.

आता फक्त सातवं उरलं होतं. ते चकार शब्द न काढता टाकलं. पेशी मेल्या. मी दुसऱ्यांदा खात्री केली नाही. ताईच्या डॉक्टरांना नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि ते तिच्यापुढे उच्चारू नका असं बजावलं.

सकाळी दहाला ताईला सातव्या औषधाची सलाईन लावायची होती. पिशवीवरचं नाव तिने वाचू नये म्हणून मी तिचा चष्मा आधीच काढून घेतला होता.

"नाव मोठ्याने वाचावं लागतं," नर्स म्हणाली. "पेशंटनेही म्हणायचं असतं."

"आजच्या दिवस मनात वाचा. पाया पडते तुमच्या."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मनात वाचलं.

"एवढं काय लपवतेस गं?" ताईने विचारलं.

"काही नाही. तू पडून राहा."

थेंब पडू लागले. ताईने डोळे मिटले. तिचा हात हातात घेतला तेव्हा कितीतरी दिवसांनी मला वाटलं, ही जगेल.

मग तिचे ओठ हलले. जिभेला गाठ पडावी असं ते लांबलचक नाव तिने एका दमात, हजेरी घ्यावी तसं पुकारलं.

"बरोबर?" ती म्हणाली.

चष्मा माझ्या पर्समध्येच होता.