कपाटामागचं पिवळं

"अहो, थांबा! फडका खाली ठेवा आधी!"

ती दारातूनच ओरडली. ओट्याशी उभा असलेला माणूस इतका दचकला, की हातातला ओला फडका त्याच्याच बुटांवर पडला.

तो गळका नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर होता. प्रयोगशाळेच्या ओट्यावर एका काचेच्या बशीतून काहीतरी पिवळं बाहेर सांडलंय, असं त्याला दिसलं होतं. हत्यारं ठेवण्याआधी जागा पुसून घ्यावी, एवढाच त्याचा सरळ हेतू.

"सांडलेलं नाहीये ते," ती धापा टाकत म्हणाली. "जिवंत आहे. काल संध्याकाळी झाकण उचलून पळालंय."

त्याने पिवळ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिच्या नखांतही तोच पिवळा रंग उतरला होता.

"मग... माफी आधी कोणाची मागू? त्यांची की तुमची?"

रागावायचं ठरवूनही तिला हसू आलं. हसू आलं आणि तिथेच सगळं बिनसलं... किंवा जमलं म्हणा.

इमारतीत सगळे तिला 'पिवळी' म्हणत. कारण दोन वर्षं ती या एकाच जिवाच्या मागे होती. स्लाइम मोल्ड त्याचं नाव. ना झाड, ना प्राणी. बुरशीसारखं दिसतं, पण बुरशीही नाही. तळहाताएवढं पसरलं तरी सगळी मिळून एकच पेशी, आणि त्या एका पेशीत लाखो केंद्रकं. ओट्सचे दाणे टाकले की त्यांच्याकडे सरकत जातं. घरी शिवणकाम करणारी तिची आई म्हणायची, "माझी पोरगी शेवाळाला जेवू घालते." शेवाळही नाही गं ते आई, असं सांगून सांगून ती थकली होती.

"बघायचंय?" तिने प्लंबरला विचारलं. का विचारलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्याने हात दोनदा धुतले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अहो... हे तर पाइप आहेत!"

"हो."

"आणि आतून वाहतंय! केवढ्या जोरात... अरे, थांबलं! आता उलटं चाललं!"

"दर मिनिट-दीड मिनिटाला दिशा बदलतं. पुढे थोडं जास्त, मागे थोडं कमी. असं करत पुढे सरकतं. ज्या नळीतून जास्त वाहतं ती जाड होते, ज्यातून वाहत नाही ती आटून जाते."

"आमचं पाणी उलटं फिरलं तर लोक शिव्या घालतात," तो डोळा न काढता म्हणाला. मग जरा थांबून, "पण मॅडम, ढकलतं कोण? पंप कुठंय?"

दोन वर्षांत इतका नेमका प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने समजावलं : नळीच्या भिंतीत, आपल्या स्नायूंत असतात तशीच प्रथिनं असतात. कॅल्शियम कमी-जास्त होतं तशी ती भिंत आवळते, सैल होते.

"म्हणजे पाइप हाच पंप."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. हेच सांगायला तिच्या प्रबंधात अकरा पानं खर्ची पडली होती.

त्यानंतर तो नळ महिन्याभरात तीनदा गळला. वॉशर खराब निघाला म्हणे! तिनेही कधी तक्रार केली नाही. तो यायचा, पाच मिनिटांचं काम उरकायचा आणि अर्धा तास सूक्ष्मदर्शकाशी घालवायचा.

"दोन अनोळखी समोरासमोर आले तर?" एकदा त्याने विचारलं.

"आधी कडेकडेने चाचपून बघतात. जमलं तर भिंती विरतात आणि दोघांचं एकच होतं."

"आणि जमेल की नाही, हे कळायला किती वेळ लागतो?"

"काही तास..." तिने मान खाली घातली. "माणसांचं मला माहीत नाही."

"मलाही नाही," तो म्हणाला. "पण नळ अजून बरेच दिवस गळेल, असं दिसतंय."

आणि मग ते चार दिवस आले.

इमारतीला रंग द्यायचा म्हणून प्रयोगशाळा चार दिवस बंद ठेवायची होती. खायला घालायला कुणी नसणार, म्हणून तिने सगळं पिवळं कागदाच्या पट्ट्यांवर वाळवलं. वाळलं की ते कडक होऊन झोपी जातं, वर्षानुवर्षं टिकतं. पाण्याचा थेंब मिळाला की जागं होतं. त्यात तिने दोन वर्षं खपून वाढवलेला वाणही होता. प्रवाहाची दिशा बदलायला नेहमीच्या दुप्पट वेळ घेणारा. जगात दुसरीकडे कुठेच नव्हता तो. सगळ्या पट्ट्या तिने कोपऱ्यातल्या लाकडी कपाटात नीट लावल्या.

पाचव्या दिवशी तिने कपाट उघडलं, तर आत पाणी. वरून जाणाऱ्या पाइपातून थेंब थेंब झिरपलेलं. पट्ट्या भिजल्या होत्या. झोपलेलं सगळं अंधारात एकदम जागं झालं होतं, खायला काही नाही म्हणून उपाशी मेलं होतं आणि वर हिरवी-काळी बुरशी चढली होती. ती तिथेच फरशीवर बसली.

"पाइप जुनाच होता," तिचे मार्गदर्शक सर हळहळत म्हणाले.

"नाही सर." प्लंबर शिडीवर होता. खाली उतरून तो तिच्यासमोर उभा राहिला. "पाइप जुना आहे, पण जोड माझा आहे. गेल्या महिन्यात मीच बसवला. तोच सुटलाय."

गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या क्षणी तिला एवढंच ऐकू आलं, की जोड याचा आहे.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मला तुमचं तोंड बघायचं नाहीये."

तो गेला. दुसऱ्या दिवशी सरांची परवानगी घेऊन परत आला आणि मुकाट्याने कामाला लागला. जोड नवा बसवला, कपाट रिकामं केलं, भिंत वाळवली. ती खिडकीपाशी पाठ करून बसायची. तीन दिवस असेच गेले.

चौथ्या दिवशी सकाळी कपाटाची मागची फळी काढल्याचा आवाज आला.

"मॅडम..." त्याने हाक मारली. "तोंड माझं बघू नका. पण इथे बघा."

फळीच्या मागे, वाळवायच्या राहिलेल्या ओलसर भिंतीवर नखाएवढं पिवळं होतं. पंख्यासारखं पसरलेलं. फळीच्या फटीतून बाहेर पडून ओल धरून चढलेलं.

तिने ते अलगद उचललं, बशीत ठेवलं, शेजारी एक ओट्सचा दाणा ठेवला. दुपारपर्यंत त्याने दाण्याला मिठी मारली. पण हे कुठलं? साधं, की तिचं?

"घड्याळ आहे?" तिने विचारलं.

त्याने मनगट पुढे केलं. तिने डोळा लावला. "वाहतंय... आता सुरू करा."

"तीस," तो मोजत होता. "साठ... नव्वद."

साधं असतं तर आत्तापर्यंत वळलं असतं.

"शंभर... एकशेवीस... मॅडम, काहीतरी बोला ना... दीडशे..."

"थांबलं!" ती ओरडली. "उलटं फिरलं! माझंच आहे... माझंच आहे हो!"

आणि ती रडायला लागली. तो घड्याळाचा हात तसाच पुढे करून उभा. मागे घ्यावा की नाही, ते त्याला कळेना. तिनेच तो हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला.

"तुम्ही फळी काढली नसती तर..." ती म्हणाली.

"जोड नीट बसवला असता, तर काढावीच लागली नसती."

"ते खरं आहे," ती रडता रडता म्हणाली. "पण खरं सांगितलंत, हाकललं तरी परत आलात... एवढं कोण करतं?"

सहा महिन्यांनी प्रबंध छपाईला जायच्या दिवशी ती इमारतीच्या पायरीवर कागद घेऊन बसली होती. तो काम आटोपून आला. बाह्या ओल्या, केस विस्कटलेले. तिने शेवटचं पान त्याच्या हातात दिलं. वर लिहिलं होतं : 'आभार'.

"तुम्हाला कुठे घालू तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "एका परिच्छेदात सर आणि सहकारी. दुसऱ्यात मित्रमंडळी. तिसऱ्यात घरचे."

त्याने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. कान लाल झाले होते.

"तिसऱ्यात... जागा आहे?"

"ते मी एकटी कशी ठरवणार? आईला विचारावं लागेल."

"हो, म्हणजे... बरोबर आहे... मी आपलं सहजच..."

"विचारलं," ती म्हणाली. "कालच. ती म्हणाली, त्याचं नाव आधी लिही, माझं नंतर आलं तरी चालेल."

त्याने पान गुडघ्यावर ठेवलं, ओल्या बाहीने डोळे पुसले, आणि ओल्या बाहीने काही पुसलं जात नाही हे लक्षात येऊन स्वतःच हसला.

"अरे, काहीतरी बोल ना," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'अरे' म्हणाली.

"पेन दे," तो म्हणाला.