राइनहोल्ड काकांचा शनिवार

गॅरेजमध्ये होतं ते असं. एक गाडी. पॉलिशचे सात डबे. दोन बादल्या. एक स्टूल. भिंतीत पाच खिळे. चार खिळ्यांवर फडकी, पाचवा रिकामा.

हे मी स्वतः मोजलं. पुढे सांगणार आहे तेही मोजलेलंच आहे. मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते, न मोजता बोलायची मला सवय नाही. तरीही तुमचा विश्वास बसला नाही, तर मी वाद घालणार नाही.

स्टुटगार्टला लागून असलेलं फेलबाख. मार्चमधला शनिवार, दुपारचे चार.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

गाडी राइनहोल्ड काकांची, म्हणजे माझ्या इर्मट्राउट मावशीच्या यजमानांची. बहात्तर सालची पोर्शे 911, गडद हिरवी. काका फेब्रुवारीत गेले. मावशीकडे उरलं काय, तर ही गाडी, तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर आणि दुखरे गुडघे. इमारतीला लिफ्ट नाही. पलीकडच्या गल्लीतल्या वृद्धनिवासात तळमजल्यावरचं एक छोटं घर मेअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.

गाडी चांगल्या भावानं गेली, तरच ते मिळणार होतं.

काकांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातले गुंट्राम किंमत सांगायला आले होते. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ते स्टुलावर बसले.

"सव्वा लाख युरो. डोळे मिटून," ते मला म्हणाले. "का सांगू, आलमुट? रंग कारखान्यातला आहे. पन्नास वर्षांत कुणी हात लावलेला नाही. परत रंगवलेली असती ना, तर सत्तर हजारसुद्धा मिनतवारीनं आले असते."

"आणि शेजाऱ्यांची नवी पोर्शे आहे, ती?" मावशीनं विचारलं.

"पाण्यानं थंड होणारी? वहिनी, खरी पोर्शे वाऱ्यानं थंड होते. ती गाडी नाही. चाकं लावलेला फ्रीज आहे तो!"

मावशी हसली. काका गेल्यावर पहिल्यांदाच.

मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळ्या गाडीवरून फिरवलं. सगळीकडे एकशे चार ते एकशे बारा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. उजव्या मडगार्डवर, दिव्याच्या वर, एकशे आठ. कारखान्यातला रंग असाच असतो.

"हा खिळा रिकामा का?" मी विचारलं.

गुंट्राम जरा ओशाळले.

"राइनहोल्डचं कातडं असायचं तिथे. गाडी पुसायचं. मी ते शवपेटीत ठेवलं, त्याच्या हाताखाली. क्लबातले सगळे म्हणाले, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. दर शनिवारी चार वाजता काका गाडी पुसायचे. शेवट नेहमी उजव्या मडगार्डवर. मग तिथेच थाप मारून म्हणायचे, "झालं." आणि कॉफीला वर यायचे.

आम्ही बाहेर येऊन शटर ओढलं.

आणि आतून आवाज आला...

किर्र... किर्र...

ओलं कातडं रंगावरून फिरतं ना, तसा.

"पाण्याचा पाइप असेल," गुंट्राम म्हणाले.

गॅरेजमध्ये पाण्याचा पाइप नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी परत मोजलं. दिव्याच्या वर... एक्याण्णव.

यंत्र बिघडलं असेल म्हणून ठरावीक पन्नास मायक्रॉनची पट्टी त्याखाली धरली. पन्नासच दाखवले. बाकीची गाडी जशीच्या तशी. फक्त तळहाताएवढी ती एक जागा.

मी शटरचं कुलूप बदललं. किल्ली माझ्याच खिशात ठेवली.

त्यानंतरच्या शनिवारी... त्र्याहत्तर.

मावशीला सांगावंच लागलं. पुढच्या शनिवारी ती जिन्याच्या कठड्याला धरून, पायरीपायरीला थांबत खाली आली. आम्ही शटर उघडं ठेवलं. ती स्टुलावर बसली, मी दारात उभी राहिले.

चार वाजले.

आधी वास आला. ओल्या कातड्याचा.

मग... किर्र...

मडगार्डवर दमट पट्टा उमटला. वाळला. पुन्हा उमटला. तिथे कुणीही नव्हतं.

"राइनहोल्ड," मावशी हळूच म्हणाली, "पुरे आता. रंग जातोय."

आवाज थांबला.

"मला गाडी विकायची आहे रे. तीन जिने नाही चढवत मला. तू तरी समजून घे."

मला वाटलं, ऐकलं त्यांनी.

किर्र...

त्याच जागी. आधीपेक्षा जोरात.

"ऐकलंस, आलमुट?" मावशी म्हणाली. "तो 'झालं' म्हणत नाहीये."

झुरिचहून आलेल्या गिऱ्हाइकानं एप्रिलअखेर गाडी पाहिली. उजव्या मडगार्डपाशी पोचला. हिरव्या रंगात तळहाताएवढं उघडं पोलाद चमकत होतं. त्यानं त्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"इथे पाणी कसलं?" तो म्हणाला.

आणि निघून गेला.

क्लबात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एक म्हणाला, मडगार्ड बदललेलं असणार. दुसरा म्हणाला, गाडी कधीतरी ठोकलेली असणार. ज्यांनी काकांच्या कॉफीचे कप रिकामे केले होते, तेच हे बोलत होते. गुंट्राम सगळ्यांशी भांडले. उपयोग शून्य. जूनमध्ये गाडी जुन्या गाड्या विकणाऱ्या उल्मच्या एका दुकानदारानं नेली. एकसष्ट हजार. तोपर्यंत तळमजल्यावरचं घर दुसऱ्या कुणाला तरी गेलं होतं.

दुकानदारानं मडगार्ड रंगवून घेतलं. मी दर सोमवारी त्याला फोन करायचे.

"काही आवाज?"

"कसला आवाज, बाई? गाडी उभी आहे मुकाट."

मला हायसं वाटलं. मावशी वर अडकली होती, पण निदान ते तरी थांबलं होतं.

जुलैतल्या एका शनिवारी मी तिच्याकडे कॉफीला गेले. तिनं तीन कप मांडले होते.

"तिसरा कुणाचा?"

"आलमुट," ती म्हणाली, "चार वाजू देत."

चार वाजले...

किर्र...

खालून. जिन्यातून.

मी दार उघडून डोकावले. जिना रिकामा. लोखंडी कठड्यावर, अगदी खाली, दमट पट्टा उमटत होता. मावशी ज्याला धरून चढते, तोच कठडा.

"गाडी नाही ना आता," मावशी आतून म्हणाली. "मग तो काय पुसणार?"

मी तिला माझ्याकडे राहायला ये म्हणून किती विनवलं. ती नाहीच म्हणते. जिना उतरायचा तर कठडा धरावा लागेल, आणि कठडा ओला असतो, म्हणते.

कठडा सगळीकडे सारखाच रंगवलेला आहे. जुलैत मी तो खालपासून वरपर्यंत मोजला होता. एकशे पन्नास मायक्रॉन.

परवा पुन्हा मोजला.

तळमजला, शून्य.

पहिला मजला, शून्य.

दुसरा मजला, शून्य.

तिसरा मजला, मावशीच्या दारासमोर, एकशे एकतीस.