पाहुण्यांना भोपाळ दाखवताना

भोपाळहून सांचीला जाताना वाटेत कर्कवृत्त लागतं. रस्त्यावर आडव्या रेघा मारलेल्या आहेत, कडेला पाटी आहे. एक पाय रेघेच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून फोटो काढल्याशिवाय कुठलाही पाहुणा पुढे जात नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ओंकारची व्हॅन तिथे थांबली, तेव्हा रेघेवर आधीच एक कुटुंब उभं होतं. एक काका, दोन काकू आणि त्यांच्यासमोर रस्त्यात उकिडवी बसून फोटो काढणारी एक मुलगी. तिचा चष्मा सारखा घसरत होता. एका हातात मोबाईल, दुसरा हात चष्म्याला.

"काका, डावा पाय पलीकडे... अजून थोडा... बस!"

"ट्रक येतोय," ओंकार म्हणाला.

"दिसतोय. इथे पोचायला त्याला अर्धा मिनिट लागेल," ती मागे न बघता म्हणाली. "बत्तिसावी वेळ आहे माझी."

"माझी एक्केचाळिसावी."

आता मात्र ती वळली. ट्रक येऊन गेला. सगळे कडेला झाले.

"चष्मा द्या इकडे," ओंकार म्हणाला.

"अनोळखी माणसाला?"

"दांडीचा स्क्रू सैल झालाय. जवाहर चौकात आमचं चष्म्याचं दुकान आहे." त्यानं खिशातून बोटाएवढा पेचकस काढला. "दोन मिनिटं लागतील. तेवढा वेळ मी तुम्हाला धूसर दिसेन."

"मग तर फायदाच आहे तुमचा."

तिनं चष्मा काढून दिला. त्याला हसू आलं आणि स्क्रू हातातून निसटला. मग दोघं रस्त्याच्या कडेला वाकून तो शोधत बसले. तिला तर काहीच दिसत नव्हतं, तरी ती शोधत होती. स्क्रू सापडला, चष्मा नाकावर बसला. ती त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "हं. धूसरच बरे दिसत होता." आणि जाता जाता सांगून गेली, "आज शाळांच्या सहा बस आल्यात. आधी खालचं म्युझियम करा, तासाभरानं वर जा. शांत मिळेल."

तसंच झालं. तासाभरानं स्तूपापाशी शांत होतं, आणि तीही तिथेच होती.

भोपाळच्या मराठी घरांत हे एक काम असतंच. पुण्याहून, नागपूरहून, इंदूरहून पाहुणे यायचे, आणि घरातल्या कोणीतरी त्यांना भोपाळ दाखवायचं. पहिल्या दिवशी सांची, दुसऱ्या दिवशी भोजपूर आणि भीमबेटका, तिसऱ्या दिवशी प्राण्यांचं वनविहार आणि संध्याकाळी तलावावरचा बोट क्लब. ओंकारच्या घरी हे काम ओंकारकडे होतं. त्या दिवशी त्याचे बाबा, सुधाकरराव, दुकानात बसायचे. आई, रजनीताई, पाचला उठून मेथीच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करायच्या, डबा गाडीत ठेवायच्या आणि फाटकातून हात हलवायच्या. व्हॅन गच्च भरलेली असायची.

मुलीचं नाव योगिनी. वडील सरकारी खात्यात, घर शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये. घराणं मूळचं इंदूरचं. ती महाराणा प्रताप नगरमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. रविवार मोकळा, म्हणून पाहुणे तिच्या वाट्याला आले होते.

पुढच्या रविवारी ते भीमबेटकाला भेटले. त्याच्या पुढच्या आठवड्यात वनविहारला. मग नंबर घेतले गेले.

"फक्त पाहुण्यांच्या कामासाठी," ती म्हणाली.

"फक्त पाहुण्यांच्या कामासाठी," तोही म्हणाला.

मेसेजही तसेच असायचे. "भोजपूरला गर्दी." "वनविहारला सायकली संपल्या, बॅटरीची गाडी घ्या." फेब्रुवारीत तर त्यांनी पाहुण्यांची वाटणीच केली. गुडघे दुखणारे सगळे तिच्याकडे, प्रश्न विचारणारे सगळे त्याच्याकडे.

"तुम्ही त्यांना खरं सांगता की मनाचं?" एकदा भीमबेटकाच्या गुहांमधल्या वाटेवर तिनं विचारलं.

"अर्धं अर्धं."

"मघाशी त्या काकांना सांगितलंत, हे हरणाचं चित्र एका नवऱ्यानं बायकोला खूश करायला काढलं. हे कुठलं?"

"ते मनाचं. पण काका खूश झाले की नाही? लगेच काकूंचा हात धरला त्यांनी."

"चढ होता म्हणून धरला."

"चला, चढ तर चढ..." तो म्हणाला, आणि दोघंही चित्रातल्या हरणाकडे बघत राहिले.

एका पाहुण्या आत्यांनी तर वनविहारला सगळ्यांसमोर विचारलं, "किती वर्षं झाली लग्नाला?"

"नाही, नाही!" दोघं एकदम म्हणाले. इतकं एकदम, की आत्यांनी मान हलवली आणि पर्समधून दोघांना एकेक श्रीखंडाची गोळी दिली.

मार्च लागला. परीक्षा आल्या, ऊन तापलं, पाहुणे आटले. आलेल्या शेवटच्या मंडळींना संध्याकाळी बोटीत बसवून दोघं तलावाच्या कठड्याशी उभे होते.

"आता आमच्याकडे दिवाळीपर्यंत कोणी नाही," योगिनी म्हणाली. मग जरा थांबून, "आणि मी पण नाही. पुण्याच्या एका शाळेत नोकरी मिळाली. वीस एप्रिलला निघायचं आहे."

"अरे वा," ओंकार म्हणाला.

घरी जाईपर्यंत तो स्वतःला शिव्या देत होता. अरे वा! दुसरा शब्द नव्हता? चार दिवस त्यानं मेसेज लिहिले आणि पुसले. शेवटी पाठवला तो असा : "येत्या रविवारी सांची. नागपूरची मावशी आली आहे. याल?"

"येते," असं लगेच उत्तर आलं.

नागपूरला त्याची कोणीही मावशी नव्हती. आता पाहुणी आणायची कुठून? रात्री जेवताना त्यानं आईला विचारलं, "आपल्याकडे कोणी येणार नाही का गं एवढ्यात?"

"नाही. का? त्या चष्मेवालीला काय सांगितलंस?"

त्याचा घास हातातच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"जानेवारीपासून जो तो पाहुणा घरी येऊन स्तूपाबद्दल कमी आणि तिच्याबद्दल जास्त बोलतोय." रजनीताईंनी तव्यावरची पोळी उलटली. "मला ने."

"तुला? तू काय पाहुणी आहेस?"

"सांचीला पाहुणीच. मी कुठे पाहिलंय?"

तो हसला. मग थांबला. "कधीच नाही?"

"गाडीत जागा कुठे असायची? आणि तुम्ही सगळे दमून यायचात, आल्या आल्या जेवायला लागायचं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पोळी फुगली का, एवढंच त्या बघत होत्या.

लग्न होऊन भोपाळात आल्याला त्यांना एकतीस वर्षं झाली होती. ओंकारला पुढची पोळी गेली नाही.

रविवारी रजनीताई नागपूरच्या मावशी झाल्या आणि त्यांना ते काम फारच आवडलं. रस्त्याला दुतर्फा पळस फुलला होता. गव्हाची कापणी चालू होती. त्या खिडकी सोडायला तयार नव्हत्या. कर्कवृत्तावर त्यांनी दोन्हीकडे पाय ठेवून फोटो काढून घेतला, मग पाय बदलून पुन्हा एक.

"ओंकारची आई म्हणजे माझी थोरली बहीण," त्या योगिनीला सांगत होत्या. "फार सोसलंय हो तिनं."

"काय सोसलं?"

"हाच मुलगा!"

योगिनी इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ओंकारला वाटलं, जमलं. आता वर पोचलो की सांगून टाकायचं.

स्तूपाच्या दगडी जिन्यावर रजनीताई वर बघत चढत होत्या. पायरी चुकली.

"आई! सांभाळ!"

योगिनीनं त्यांना दंडाला धरून सावरलं. कुणाला काही लागलं नाही. पण 'आई' ही हाक योगिनीला ऐकू गेली होती.

रजनीताई पायरीवर बसल्या. "घ्या. सीताबर्डीपासून सगळं नागपूर पाठ केलं होतं मी दोन दिवस."

योगिनीला हसू आलं, पण अर्धंच. "काकू, तुम्ही याआधी सांचीला कधी आला होता?"

"आजच येतेय."

योगिनीनं ओंकारकडे पाहिलं. आता तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. रजनीताईंना ते कळलं असावं. त्या उठल्या. "मी फेरी घालून येते. माझ्या मागे येऊ नका. आज मला सावकाश बघू द्या."

दोघं कडेच्या झाडाखाली बसले.

"एक्केचाळीस," योगिनी म्हणाली.

"आता सेहेचाळीस."

"सेहेचाळीस वेळा. आणि त्या एकदाही नाही." ती खालची काडी उचलून मोडत होती. "मावशीचं खोटं मला चाललं. मजा आली. पण हे... तुम्ही मला आज काय विचारायला आणलंय ते मला कळतं, ओंकार. एरवी मी हो म्हणाले असते आणि गावभर सगळ्यांना सांगत सुटले असते. पण आता मला भीती वाटते. उद्या तुमच्या घरी मीही पाचला उठून डबे भरीन, आणि गाडी निघाली की फाटकातून हात हलवीन. आणि तुमच्या ते लक्षातही येणार नाही."

असं होणार नाही, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले. समोर आई तोरणापाशी मान वर करून उभी होती. दगडातले हत्ती ती बोटानं मोजत होती. इतक्या वर्षांत त्यानं पाहुण्यांना ते हत्ती कितीदा दाखवले होते.

"माझ्या लक्षात आलं नाही," तो म्हणाला. "दर वेळी तिच्या हातून डबा घेतला आणि कधी विचारलं नाही. लक्षात आलं नाही, हे काही कारण होत नाही. मला माहीत आहे."

तिनं काडीचा आणखी एक तुकडा केला.

"तुम्हाला आत्ता शब्द देणं सोपं आहे. पण माझा मलाच भरवसा यायचाय. वीस एप्रिलच्या आधी तीन रविवार आहेत. तिन्ही रविवारी आईला कुठेतरी नेणार आहे. डबा मी करणार. तुम्ही यायलाच हवं असं नाही. पण आलात तर..." तो अडला. "मला तुम्ही आवडता. पाहुणे असले तरी, नसले तरी. एवढंच."

योगिनीनं काडीचे तुकडे खाली ठेवले. "आज मी काही बोलत नाही."

"नका बोलू."

परतीच्या वाटेवर ती मागे रजनीताईंच्या शेजारी बसली आणि भोपाळ येईपर्यंत त्यांच्याशीच बोलत होती.

पहिल्या रविवारी ते भोजपूरला गेले. योगिनी आली नाही. रजनीताई भल्यामोठ्या शिवलिंगासमोर हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. ओंकारच्या पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. आईनं एक संपवली आणि म्हणाली, "चव चांगली आहे. दात लागतात जरा." तो दिवसभर मुद्दाम फोनकडे बघत नव्हता, आणि आईला ते दिसत होतं.

दुसऱ्या रविवारी कुठे जाणार, एवढाच मेसेज त्यानं तिला केला होता, आणि वनविहारच्या फाटकाशी योगिनी उभी होती. का आले, हे तिनं सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. तिनं डबा उघडला, एक पुरी तोंडात टाकली आणि थांबली.

"मीठ?"

"विसरलो."

"बरं," ती म्हणाली आणि दुसरी घेतली.

तिसऱ्या रविवारी सुधाकररावांनी दुकान बंद ठेवलं. "सगळे हिंडतात, मीच का बसू?" संध्याकाळी चौघं बोट क्लबला आले. आईबाबा पायडलच्या बोटीत बसले. बाबा एकटेच जोरात पाय मारत होते आणि आई नुसती हसत होती, त्यामुळे बोट एकाच जागी गोल गोल फिरत होती. ओंकारनं आईला असं हसताना पाहिलं नव्हतं, की पाहिलं असून लक्ष दिलं नव्हतं, हे त्याला आठवेना.

योगिनी शेजारी उभी होती. तलावावर वारा सुटला होता.

"पुण्याला मी जाणार," ती म्हणाली. "ते बदलायचं नाही."

"नकोच बदलू." तो थबकला. 'तू' कधी आलं तोंडात?

ती हसली. "वर्षभर तरी. थांबशील?"

"थांबेन."

"मधूनमधून येशील?"

"दर महिन्याला. आईबाबांना पण घेऊन येईन. त्यांनी पुणं पाहिलेलं नाही."

"आण ना. त्यांना सगळं दाखवू." तिचा हात कठड्यावरून सरकत त्याच्या हातापाशी आला आणि तिथेच थांबला. "पण एकटा जास्त वेळा ये."

तिकडे बोट अजून गोल फिरत होती आणि बाबा ओरडून किनाऱ्यावर काहीतरी विचारत होते. दोघांनीही ऐकलं नाही.