घोरपडीचा खरा वेग

काटा ऐंशीवर होता. कस्तुरी उतेकरने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, कारण घाट उतरून सपाटीला लागल्यापासून ती दुसरीकडे कुठे बघतच नव्हती. आणि तरीही नाक्यावरचा यंत्रमानव शांतपणे म्हणाला, "सायलीबाई, तुमची गाडी ताशी शहाण्णव किलोमीटरने आली."

"ऐंशीने," कस्तुरीची आई म्हणाली.

"शहाण्णव."

"मास्तर, डोळे तपासून घ्या एकदा. गंज धरला असेल."

यंत्रमानवाला राग येत नसे. "शक्य आहे. मी फार वर्षं उन्हापावसात उभा आहे. पण नाक्याच्या दोन्ही बाजूंना रस्त्यात दोन-दोन तारा पुरल्या आहेत, बरोबर शंभर मीटर अंतरावर. पहिलीवरून दुसरीवर यायला तुम्हाला पावणेचार सेकंद लागले. ऐंशीच्या वेगाने साडेचार लागतात. म्हणजे तुमचा काटा आणि माझ्या तारा, यांपैकी कोणीतरी चुकतंय."

ते साल २०६१ होतं. महामार्गावरच्या गाड्या आता रस्त्यातूनच वीज घेत आणि आवाज न करता पळत. इंधनाचे पंप कधीच उखडून टाकले होते. डोंगरातून उतरणाऱ्या मोजक्या इंधनावरच्या गाड्या थांबवून तपासायच्या, एवढंच या यंत्रमानवाचं काम उरलं होतं. त्याच्या समजावून सांगण्याच्या सवयीमुळे सगळे चालक त्याला मास्तर म्हणत.

उतेकरांच्या गाडीचं नाव घोरपड. ती आंबेखोल आणि आसपासच्या आठ वाड्यांची एकुलती एक रुग्णगाडी होती. सायलीने ती स्वतः घडवली होती. मूळची साधी जीप. तिची चौकट वीतभर उचलली, दगडांवरून जाण्यासाठी थोरली, खोल नक्षीची चाकं बसवली, पुढे लोखंडी दांडा आणि दोर ओढण्याचं चाक लावलं. टपावर लोखंडी पाळणा होता आणि त्यात शिडी, झोळी, फावडी, दोरखंड. डोंगरात घोरपड कुठेही चढायची. महामार्गावर मात्र ती तेल पिऊन टाकायची.

आणि गावातलं तेल संपलं होतं. गावच्या घाण्यावर करंजाच्या बियांपासून इंधन निघे. त्यातलं शेवटचं साठ लिटर आज निघताना टाकीत होतं. पुढचं आता नव्या बिया आल्यावर.

पंधरा दिवसांपूर्वी सायली एकटीच शहरातून डोंगरतापाची लस आणायला गेली होती. परतताना नाक्याच्या अलीकडे बावीस किलोमीटरवर टाकी कोरडी पडली. लसीची थंड पेटी सहा तास टिकते. मदत मिळेपर्यंत नऊ तास झाले आणि लस वाया गेली. त्यानंतर आणखी चार मुलं तापाने आडवी झाली. त्यांतली पाकळी कस्तुरीच्या बाकावर बसायची. ती अजून उठली नव्हती.

आज पुन्हा निरोप आला होता: लस आहे, पण शहरातल्या आरोग्य केंद्राच्या गाड्या पूरग्रस्त गावांकडे गेल्यात आणि घाटात वारा असल्याने उडती यानं बंद आहेत, येता येईल त्यांनी येऊन न्यावी. शहरापर्यंत महामार्गाने दीडशे किलोमीटर जायचं, दीडशे यायचं.

"मी इंजिन दोनदा उघडलं," सायली म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "काही सापडलं नाही. मागच्या खेपेला साठ लिटरमध्ये काट्यावर दोनशे पासष्ट किलोमीटर झाले. एवढं पीत नाही कुठलंच इंजिन."

"मागे तुम्ही कुठे थांबलात ते मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाला. "तुमच्या गावापासून शहरापर्यंत आणि परत त्या जागेपर्यंत तीनशे अठरा होतात."

"सरकारी अंतरं ती. फुगवलेलीच असतात."

मोठ्यांच्या बोलण्यात कस्तुरीला पटकन शिरता येत नसे. पण एक गोष्ट तिला टोचत होती. "आई, अंतरातही काटा कमीच दाखवतोय. वेगातही कमीच. म्हणजे दोन्हीकडे एकच चूक असेल का?"

मास्तरने मान तिच्याकडे वळवली. "काटा वेग कसा ओळखतो, सांग."

"रस्ता किती मागे गेला ते बघून?"

"त्याला रस्ता दिसत नाही, बाळ. तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात अमुक इतकी वाट सरते, असं कारखान्यात त्याला एकदाच शिकवलेलं असतं. तेवढ्यावर तो जन्मभर विसंबतो."

मास्तरने तिला खडू आणि मोजपट्टी दिली. चाक जिथे जमिनीला टेकलं होतं तिथे कस्तुरीने चाकावर आणि रस्त्यावर खूण केली. आईने गाडी हळूहळू पुढे घेतली. चाकावरची खूण एक फेरा घेऊन पुन्हा खाली आली, तिथे कस्तुरीने दुसरी रेघ ओढली. दोन रेघांत दोनशे शहात्तर सेंटिमीटर भरले. हा चाकाचा परीघ (वर्तुळाच्या कडेची पूर्ण लांबी).

"कारखान्यातून निघताना या गाडीच्या चाकाचा परीघ दोनशे तीस होता," मास्तर म्हणाला.

कस्तुरीने खडूने रस्त्यावरच हिशेब मांडला. सेहेचाळीस जास्त. दोनशे तीसचा पाचवा भाग. म्हणजे काटा शंभर म्हणतो तेव्हा गाडी एकशे वीस जाते. आणि काटा ऐंशी म्हणतो तेव्हा...

"शहाण्णव," ती हळूच म्हणाली.

सायली खाली वाकून त्या आकड्यांकडे बघत राहिली. चाकं तिनेच बदलली होती. काट्याला ते कळवायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे घोरपड वाटते तितकी खादाड नाही," मास्तर म्हणाला. "आणि तुम्ही, बाई, वाटता तितक्या सावकाश नाही."

"पण शहाण्णव काय नि ऐंशी काय," सायली म्हणाली, "वेळ तर वाचला ना? सहा तासांची पेटी होती माझ्याकडे. मी मुद्दाम पळवत होते."

"वेळ वाचला. इंधन गेलं. महामार्गावर गाडीला सगळ्यात जास्त अडवते ती हवा. याला वायुरोध म्हणतात (धावत्या वस्तूला हवेने केलेला अटकाव). वेग दुप्पट केला की प्रत्येक सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते, आणि ती दुप्पट जोराने सारावी लागते."

"दोन दुणे चार," कस्तुरी म्हणाली. "चौपट अडवणार?"

"चौपट. आता तुझा वेग ऐंशीच्या जागी शहाण्णव झाला. दुप्पट नाही, फक्त एक पूर्णांक दोन पट. त्याला त्यानेच गुण."

कस्तुरीने गुणलं. एक पूर्णांक चव्वेचाळीस. वेगात वीस टक्के वाढ, आणि हवेचा अटकाव जवळजवळ दीडपट. तिने गाडीकडे पाहिलं. उचललेली चौकट, उघडं पोट, टपावरचा पाळणा. एखाद्याने हातपाय पसरून वाऱ्यासमोर उभं राहावं तशी ती दिसत होती.

"डोंगरात हे कळत नाही," मास्तर म्हणाला. "तिथे तुम्ही वीसने चालता, हवा वाटेत येतच नाही. तिथे लढाई चढाशी आणि चिखलाशी. चाकांतली हवा कमी केली आहे ना?"

"चिखलात चाक पसरावं लागतं. त्याशिवाय पकड येत नाही," सायली म्हणाली.

"महामार्गावर ती पसरण महागात पडते. कस्तुरी, चाकाच्या कुशीला हात लाव."

तिने हात लावला. चाक चांगलंच तापलं होतं.

"मऊ चाक प्रत्येक फेऱ्यात कणकेसारखं मळलं जातं. मळायला लागणारं बळ इंजिनाने दिलं, आणि त्याची नुसती ऊब झाली. ती ऊब म्हणजे तुमचं करंजाचं तेल."

सायलीने नाक्यावरच्या पंपाची नळी ओढली आणि चारही चाकांत हवा भरायला घेतली. चौथं चाक भरताना ती म्हणाली, "टाकीत बावन्न लिटर आहे. परतल्यावर घाट चढायला आठ हवेत. उरले चव्वेचाळीस, आणि जायचंय तीनशे किलोमीटर. मास्तर, पुरेल?"

"काटा साठवर ठेवा. खरा वेग बहात्तर होईल. हवेचा अटकाव मागच्या खेपेच्या निम्म्याहून थोडा जास्त राहील. येताना सव्वादोन तास लागतील, वर घाटाचे दोन. पेटी टिकते. आणि टपावरचा पाळणा इथे उतरवून ठेवा."

सायलीचा हात थांबला. "तो नाही उतरणार."

"त्यात हवा अडकते, बाई."

"अडकू दे." ती उभी राहिली. "ही शिडी खोलवाडीच्या दरडीनंतर लावली मी. त्या दिवशी शिडी असती तर माणूस वर आला असता. झोळी घेतली ती गरोदर बाईला घोंगडीत घालून आणावं लागलं म्हणून. यातली एकही वस्तू मी हौसेने लावलेली नाही, मास्तर. घरी ठेवून निघाले आणि नेमकी तीच लागली, असं झालंय माझ्या बाबतीत."

मास्तरने मान उचलून पाळण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाळण्यामुळे नेमका किती लिटरचा फरक पडेल हे मी मोजलेलं नाही. अंदाज सांगितला तर तुम्ही त्यावर विसंबाल. ठरवायचं तुम्हीच."

आईला उलट बोलायची कस्तुरीला सवय नव्हती. पण पाकळीचा धाकटा भाऊ नऊ महिन्यांचा होता, त्याच घरात, त्याच अंथरुणाच्या बाजूला रांगत होता.

"आई," ती म्हणाली, "महामार्गावर दरड नाही कोसळत. तिथे नेमकं लागेल असं एकच आहे. तेल. आज तेलच कमी पडेल."

सायलीने लेकीकडे पाहिलं. मग टपाकडे.

"हत्यारांच्या पेटीतला तेरा नंबरचा पाना दे," ती म्हणाली.

दोघींनी बारा नट सोडवले. शिडी, झोळी, फावडी, दोरखंड नाक्याच्या भिंतीशी नीट लावून ठेवले. सायलीने त्यांवर ताडपत्री टाकली आणि तिच्या चारही कडांवर दगड ठेवले.

साठवर काटा ठेवून जाणं आईला जड जात होतं. निःशब्द गाड्या एकेक करून पुढे निघून जात. एका गाडीतल्या मुलाने काच खाली करून ओरडून विचारलं, "काकू, ढकलू का?" सायलीचा पाय खाली दबला. काटा सत्तरकडे सरकला.

"आई."

पाय वर आला.

शहरात लस मिळाली. दुपारी एक वाजता पेटी बंद झाली आणि तिचे सहा तास सुरू झाले. परतीच्या वाटेवर कस्तुरीने पेटी मांडीवर धरली होती. मागे जिथे गाडी बंद पडली होती ती जागा आली, तेव्हा आईने स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. इंजिन चालत राहिलं. नाक्याआधीच्या पहिल्या तारेवरून जाताना कस्तुरीने मनात मोजायला सुरुवात केली: एक, दोन, तीन, चार, पाच. दुसरी तार.

"बहात्तर," मास्तर म्हणाला. "टाकीत किती?"

"चौदा," सायली म्हणाली आणि तिने तोंड पदराने पुसलं. डोळेही त्यातच पुसले गेले.

पाळणा पुन्हा चढवला, चाकांतली हवा चिखलापुरती सोडली. मास्तर नट आवळायला मदत करत होता. कस्तुरीने त्याला विचारलं, "मास्तर, महामार्गावर अंग आवरून घेणारी आणि डोंगर लागला की उभी राहणारी गाडी कुणी केली आहे का?"

"मी पाहिलेली नाही," तो म्हणाला. "पण मी आयुष्यात हा एकच नाका पाहिला आहे."

संध्याकाळी पावणेसहाला घोरपड आंबेखोलला पोचली. पेटीवरचा ठिपका हिरवा होता. परिचारिकेने पहिली लस पाकळीच्या भावाला टोचली. तो कळवळून रडला. पाकळी अंथरुणावर कुशीवर वळून त्याच्याकडे बघत होती. तिच्यासाठी ही लस उशिराची होती, तिला तापाशी स्वतःच झगडायचं होतं. कस्तुरी तिच्याजवळ बसली आणि तिने तिला चाकाची, काट्याची, कणकेसारख्या मळल्या जाणाऱ्या रबराची सगळी गोष्ट सांगितली. पाकळीने मध्येच बारीक आवाजात विचारलं, "मग काट्याला कळवलं का?"

"उद्या कळवणार," कस्तुरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सायलीने काट्याच्या काचेवर खऱ्या वेगांचे आकडे रंगवले. कस्तुरी पायरीवर बसून वहीत चित्र काढत होती: घोरपड, आणि तिच्या टपावर घडी होऊन सपाट बसणारा पाळणा. आई मागे येऊन उभी राहिली. कस्तुरीने वही झाकायला हात पुढे केला, पण आईने तो बाजूला सारला आणि बराच वेळ चित्र बघितलं.

"बिजागरी इथे नको," ती म्हणाली. तिने लेकीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि शेजारी टेकली. "शिडीचं वजन पुढे येतं. इथे हवी."