दोन चिठ्ठ्या, एक इंजेक्शन

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर मधे बोलू नका. आपल्या दुकानाची पाटी ज्यानं रंगवली, त्या पेंटरची ही गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

चौदा डिसेंबर, सोमवार, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. पेंटर हॉस्पिटलमधून औषध आणायला निघाला. खिशात दोन चिठ्ठ्या. एक त्याच्या सहा वर्षांच्या लेकीची, दुसरी शेजारच्या खाटेवरच्या मुलाची. दोघांना एकच ताप, एकच इंजेक्शन. मुलाचा बाप सुतार. दोन्ही बापांचं ठरलेलं होतं, एकानं झोपायचं, दुसऱ्यानं दोन्ही पोरांकडे बघायचं. त्या रात्री पाळी पेंटरची. सुतार खाली चादरीवर घोरत पडला होता.

पण पेंटरच्या पोटात दुखत होतं. सुताराचं पोरगं संध्याकाळी उठून बसलं, ह्यालाच "काका, चहा" म्हणालं, चहात बुडवून बिस्किट खाल्लं. ह्याची लेक डोळे उघडेना. "खोटं कशाला सांगू," मला म्हणाला, "मला त्या बिस्किटाचासुद्धा राग आला."

दुकानात इंजेक्शन एकच निघालं. दुसरं सकाळी आठनंतर.

परत येताना तो देवाशी भांडायला लागला, चांगला मोठ्यानं. "तू आहेस ना? मग सांग. त्याचं पोर खातंय-पितंय, माझंच का पडून? मी कुणाचं काय वाकडं केलं?"

मागून कुणीतरी शांतपणे विचारलं, "एकच मिळालं ना?"

वळून पाहिलं. रस्ता रिकामा. दिवे चालू.

तो चालू लागला. आवाजही.

"कुणाला देणार?"

"लेकीला."

"का?"

"माझी आहे."

"आणि तो?"

"तो... बरा होतोय. चालेल त्याला."

"त्याच्या बापाला उठवून विचारशील?"

पेंटरनं पावलं उचलली.

"माझी आहे म्हणालास. नक्की?"

हॉस्पिटलच्या फाटकाशी आवाज थांबला.

वॉर्डात सुतार झोपलेलाच. ह्यानं उठवलं नाही.

नर्सनं विचारलं, "एकच? कुणाला देऊ?"

ह्यानं लेकीकडे बोट दाखवलं.

पाच वाजता पोरगं गेलं. सुतार ह्याच्याच गळ्यात पडून रडला. "तू जागा होतास ना रे," एवढंच म्हणत होता. "मला हाक मारायचीस."

साडेसातला लेकीनं डोळे उघडले. ताप उतरला होता. ह्यानं तिला छातीशी धरलं. ती रडली नाही. नुसती बघत राहिली... मग शेजारच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"काका," म्हणाली, "माझे बाबा कुठे गेले?"

डॉक्टर म्हणाले, तापामुळे होतं असं, जाईल हळूहळू.

त्याला अकरा वर्षं झाली. ती त्याला अजून काकाच म्हणते.